दिवा वाढवा

२ नोव्हेंबर २०२२, बुधवार

कांचन परवा गेली. आठ दिवस होती, आठही दिवस मी 'पापा' होतो. 'पापा, चाय.' 'पापा, चार्जर कहाँ है?' बावीस वर्षं बाबा म्हणणारी मुलगी! मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. चुकून तरी एखादा शब्द निसटावा की नाही!

कारण तिच्या आईने, सरलाने शेवटी काढून घेतलं तिच्याकडून. पुण्यात नोकरीला लागली त्याच आठवड्यात कांचन म्हणाली, 'सॉरी, मी उशिरा आली.' तिथे 'आले' म्हणतात म्हणे. शेजारच्या टेबलावरच्या मुली हसल्या. मग रोज ही आत शिरली की कुणीतरी नाटकातल्यासारखं ओरडायचं — 'मी आली, मी आली!' दीड वर्ष झालं. तिथे ती इंग्रजी बोलते, आमच्याशी हिंदी. मराठी तिने सोडूनच दिली.

आमच्याकडे सगळ्या बायका 'मी आली' म्हणतात. आई म्हणायची. सरला म्हणते. हे चूक आहे हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं! झाशीजवळच्या टहरौलीच्या शाळेत मराठी कोण शिकवणार होतं? वडील तिथे डाकबाबू. शाळा हिंदी, गल्ली बुंदेली. मराठी फक्त चुलीपाशी आणि देवापाशी. तेवढीच आली, तेवढीच मुलीला दिली. आता या घरात ती बोलणारी तिनाची दोन माणसं राहिली. आम्ही गेलो की झालं.

जायच्या आदल्या दिवशी ती छतावर उन्हात लॅपटॉपवर एक खेळ खेळत होती. मी मागे उभा राहून बघत राहिलो. खोल विहीर, आत उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि हातात दिवा घेतलेली एक बाई. चार वर्षांपासून खेळते म्हणे. मी विचारलं, हा मराठीत आहे का?

'मराठी में कौन खेलेगा, पापा?'

तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात आहे. पूजेत बसलो तरी.

६ नोव्हेंबर, रविवार

खेळाचं नाव 'वेल अँड विक'. वेल म्हणजे मला आधी भोपळ्याचा वेल वाटला! विहीर आणि वात. फुकट आहे. नुसता फुकट नाही — उघडा आहे. कुणी एक मालक नाही. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून बिनपगारी बनवतात. आतलं लिखाण कुणीही बघावं, कुणीही सुधारून पाठवावं, जाणते लोक तपासून घेतात. भंडाऱ्यासारखं. कुणी पीठ आणतो, कुणी लाकडं फोडतो, कुणी नुसता वाढायला उभा राहतो.

भाषांची यादी बघितली. हिंदी शंभर टक्के. तमिळ, बंगाली, नेपाळी — सगळे आहेत. मराठी — शून्य.

ते शून्य बघून बरं वाटलं नाही. नाव नोंदवलं. कांचनचा जुना लॅपटॉप आहे, सकाळी पूजेनंतर कचेरीआधी एक तास मिळतो. देवनागरी टाइप करायला मी कुणाला ऐकणार नाही — तेवीस वर्षं तेच करून पोट भरतोय. एकूण ११४६ ओळी.

सरलाला सांगितलं. 'खेळ? तुम्ही? अहो, सापशिडीत साप चावला तर दोन दिवस बोलत नाही तुम्ही!' कांचनला सांगायचं नाही असं ठरलं. एक दिवस तिचा खेळ उघडेल आणि तिच्याशी मराठी बोलेल. मग तिला एकदा तरी — असो. आधी काम.

९ नोव्हेंबर, बुधवार

एका तासात बारा ओळी! 'स्पॉन' शब्द कोशात बघितला — माशांची अंडी. विहीर आहे, असतील, म्हणून लिहूनही टाकलं. आता कळलं की ती बाई पडली की पुन्हा जिथे उभी राहते त्या जागेला तसं म्हणतात. अकरा ठिकाणची अंडी वेचून काढली.

१३ नोव्हेंबर, रविवार

लाज वाटते लिहायला.

बऱ्याच ओळींमध्ये मधेच टक्क्याची खूण आणि तिला चिकटलेला इंग्रजी एस होता. मला वाटलं कचरा राहिलाय. कचेरीत कागद साफ करून पुढे द्यायची सवय! चौतीस ओळींतून काढला. तो कचरा नव्हता. त्या जागी खेळ आपणहून आकडा भरतो — घागरी किती झाल्या, पायरी कितवी. मी ती जागाच बुजवून टाकली. आता मराठी निवडली की खेळ उघडतो आणि जागीच मरतो.

कळवलं, तर योनासचं उत्तर आलं. तो या सगळ्या कामाचा सांभाळकर्ता, कुठल्यातरी बर्फाच्या देशातला. 'तुमचं स्वागत! कृपया त्या खुणा काढू नका.' शेवटी हसरं तोंड. रागावला असता तर बरं वाटलं असतं. चौतीस खुणा परत घालत बसलोय.

२० नोव्हेंबर, रविवार

मराठीला तपासनीस मिळाला. विद्याधर, पुणे. चित्रात चष्मा, वय तिशीचं. मी पाठवलेल्या दोनशे ओळींपैकी एकशे दहा परत. शेरा एकच, तोच चिकटवत गेलाय — 'हे हिंदी आहे.' 'हे हिंदी आहे.' 'हे हिंदी आहे.'

एक मात्र खरंच माझं चुकलं. 'बादली खाली आहे' लिहिलं होतं. त्याने विचारलं, 'खाली म्हणजे कुठे? रिकामी म्हणायचंय का?' होय की! आमच्या घरी बादली खाली असते, डबा खाली असतो. पुण्याचा माणूस बादली शोधत तळाला उतरत राहिला असता! रिकामी केली. 'चूक माझी' असंही लिहिलं.

पण पुढे 'गडू'. 'हा शब्द आता कुणी वापरत नाही, तांब्या करा.' अरे, आमच्या देवघरात आत्ता पाणी भरून ठेवलेला आहे गडू! मी लिहिलं, आम्ही वापरतो. त्याचं उत्तर — 'आम्ही म्हणजे कोण, भाऊ?'

एका ओळीत मी हिंदीवाला, दुसऱ्या ओळीत जुनाट. माणसाने उभं तरी कुठे राहावं!

२४ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सरलाने पहाटे उठून लक्ष्मी मांडली. कलशाला पाच पानं, शेजारी समई. तिच्या समोर बसूनच आज काम केलं.

आणि नेमकी आजच ती ओळ आली. विहिरीत वटवाघळं आहेत. उजेडावर येतात. ती आली की बाईने फुंकर मारून दिवा विझवायचा, गेली की परत लावायचा. त्या बटणावर काय लिहायचं? कोशात आहे — विझवणे. हात पुढे जाईना.

टहरौलीला वीज आठवड्यातून दोनदा आली तर आली. निजताना आई म्हणायची, 'नीळू, दिवा वाढव.' मी पाच-सहा वर्षांचा असताना एकदा म्हटलं, 'आई, विझवला.' जी चापट बसली! 'घरातला दिवा विझवत नाहीत. वाढवतात.' नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा वाढवतात. तसंच दिव्याचं. कांचन लहान असताना आईने तिलाही हेच शिकवलं. हिच्या इवल्या हाताने वारा घालायची आणि दोघी म्हणायच्या — वाढला, वाढला!

समईकडे बघितलं आणि लिहिलं — 'दिवा वाढवा.'

आज पहिल्यांदा वाटलं, हे काम माझंच होतं.

४ डिसेंबर, रविवार

६४० ओळी. कांचनचा फोन. 'पापा, मम्मी कह रही थीं सुबह-सुबह लैपटॉप पे बैठे रहते हो. क्या करते हो?' मी म्हटलं, वाचतो. 'क्या?' म्हटलं, विहिरीबद्दल. 'पापा भी ना!' हसली. हसणं तेवढं तेच आहे. त्याला भाषा नसते म्हणून वाचलं असावं.

७ डिसेंबर, बुधवार

दत्तजयंती. उपास. वीज सकाळभर नाही. शून्य ओळी.

११ डिसेंबर, रविवार

शुक्रवारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत 'पुन्हा उठून उभे राहा'ला काही बरं सापडतं का म्हणून कागदावर खरडत होतो. खरेबाबूंनी कागद ओढला. सगळ्यांना ऐकू जाईल असं — 'काय नीलकंठ बाबू, पचास के हो रए और गेम बना रए!' मी समजावून सांगितलं. 'मिलत का है?' काही नाही. 'नाम छपत?' शेवटी एक यादी असते, त्यात येतं. 'झाँसी में मराठी पढ़हे को?' मी डबा उघडला. 'तो फिर काय के लाने मर रए भैया?'

मुलीने एकदा बाबा म्हणावं म्हणून — हे खरेबाबूंना कसं सांगणार? चपातीचा घास घेतला.

१८ डिसेंबर, रविवार

झाल्या! ११४६. विद्याधर जवळपास महिनाभर रजेवर होता, शेवटच्या नऊशे ओळी न तपासताच योनासने चाचणीसाठी बाहेर सोडल्या. 'लोक खेळतील आणि चुका सांगतील', म्हणे. मी स्वतः उघडून बघितलं. बाई पायरीवर उभी, खाली काळोख, आणि बटणावर माझी अक्षरं! सरलाला दाखवलं. ती म्हणाली, 'बाईची साडी नीट नाही नेसवली.' पण दोनदा बघायला आली.

यादीत नाव — नीलकंठ, झाशी. देवापुढे साखर ठेवली.

२१ डिसेंबर, बुधवार

साखर घाईने ठेवली.

तक्रारी. सतरा तक्रारी, सगळ्या एकच. काळोखात पायरी दिसेना की माणूस बटण शोधतो. समोर लिहिलंय — दिवा वाढवा. त्याला वाटतं वात मोठी होईल, उजेड वाढेल. दाबतो. मिट्ट अंधार, आणि बाई विहिरीत!

'अनुवादकाला सप्रेम विनंती : आधी स्वतः विहिरीत उडी मारून बघावी.' 'झाशीत वाढवणे म्हणजे कमी करणे का? मग तिथे पगारवाढ कशी होते?' एकाने तर पडत्या बाईचं चित्र काढून खाली लिहिलंय — 'वाढले!' दोनशे लोकांना आवडलंय ते.

हसू मलाही आलं आधी. मग आठवलं — अशाच हसणाऱ्या मुली. अशीच मुलगी.

विद्याधर परत आलाय. 'काका' — वय कळलं बहुतेक — 'काका, ताबडतोब विझवा करा.' मी नारळ, बांगडी, दुकान सगळं लिहून पाठवलं. त्याने उत्तर दिलं, 'नारळाचं माहीत आहे. दिव्याचं कधीच ऐकलं नाही. हे कुठलं आहे?'

माझ्या आईचं आहे, असं लिहिलं. पाठवलं नाही.

२३ डिसेंबर, शुक्रवार

कचेरीतून परस्पर लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या देवळात गेलो. महालक्ष्मीचं दर्शन. गर्दी नव्हती. खणानारळाची ओटी घेऊन एक म्हातारी आणि मी. देवीला म्हटलं, शब्दाचं भांडण घेऊन आलोय, हसू नकोस.

बाहेर पायऱ्यांवर फुलवाली आवरत होती. पणती टोपलीत ठेवायच्या आधी नवऱ्याला म्हणाली, 'दिया बढ़ा दो, हवा चल रई.'

मी तिथेच उभा राहिलो.

दिया बढ़ा दो! हे तर ऐकत आलोय सगळीकडे. टहरौलीत शेजारपाजारचे, बाजारातले, सगळे असंच म्हणायचे. आईचं माहेर सागरचं, तिथेही तेच. म्हणजे आईनेही इथूनच उचलला होता शब्द. मराठीचा जुना दागिना म्हणून मी जो सांभाळत होतो तो शेजारणीकडून आलेला! विद्याधरने त्या ओळीवर अजून तो शेरा मारला नाही, पण मारला तर खरा ठरेल — हे हिंदी आहे.

घरी येऊन जेवलो नाही. सरला म्हणाली, 'उपास का आज?' म्हटलं, हो.

१ जानेवारी २०२३, रविवार

धुकं. ऊन नाही. आठवडाभर लॅपटॉप उघडला नव्हता. आज उघडला तर विद्याधरने मतदान ठेवलंय. एका बाजूला 'विझवा', दुसऱ्या बाजूला 'वाढवा'. मुदत बारा तारखेपर्यंत. चौदा आणि एक. तो एक मी.

योनासला लिहिलं. त्याचं म्हणणं, 'मला तुमची भाषा येत नाही, तुमची मंडळी ठरवतील ते.' मंडळी! मंडळी म्हणजे विद्याधर, आणि त्याच्याविरुद्ध मी.

५ जानेवारी, गुरुवार

वाद चालू आहे. मी लिहिलं, शब्द शेजारून आला म्हणून परका होत नाही. सून पण शेजारच्या गावाहूनच येते. एकाने अंगठा दिला. विद्याधर म्हणाला, 'काका, भावना समजतात. पण हा खेळ आहे, तुमचं देवघर नाही.'

मी रागात लिहिलं — 'तुमच्यासारख्यांच्या हसण्यामुळे आमच्या मुली मुक्या होतात.'

पाठवलंही! त्या बिचाऱ्याचा काय संबंध? तो कांचनला ओळखत नाही. रोज रात्री नोकरी करून येतो आणि माझ्या ओळी तपासतो. त्यालाही कुणी काही देत नाही. सकाळी पूजेत मन लागलं नाही. माफी मागितली. त्याने फक्त 'ठीक आहे' लिहिलं.

८ जानेवारी, रविवार

सरलाला सगळं सांगितलं, फुलवालीसकट. भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, 'आणि ती बाई?'

'कोणती?'

'खेळातली. ती पडते ना रोज?'

'पडते.'

'म्हणजे तुमचा शब्द शुद्ध राहावा म्हणून दुसऱ्याच्या लेकीला अंधारात ढकलता? सासूबाई असत्या ना, तर तुम्हाला परत एक चापट दिली असती.' मेथीची जुडी झटकली. 'दिवा कशाला असतो अहो? दिसावं म्हणून ना?'

मी खाली पडलेल्या काड्या गोळा केल्या.

मग म्हणाली, 'कांचनला का नाही सांगत?' म्हटलं, काय सांगू? की तुझ्यावर एका खोलीतले हसले, माझ्यावर दोनशे जण हसतायत? आता तर ती मराठीच्या वाटेलाच जाणार नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

शेवटच्या दिवशी विद्याधरने मधला मार्ग काढला. 'विझवा नको असेल तर दिवा मालवा करू. जुना, सुंदर शब्द आहे. तुम्हालाही चालेल.'

मालवा! मला इंदूर-उज्जैन आठवलं! कोश काढला. खरंच आहे. दिवा मालवणे. आणि छान आहे — फुंकर हळू मारल्यासारखा. विझणं नाही त्यात. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला हा शब्द आमच्या घरापर्यंत कधी पोचलाच नाही. की वाटेत कुठे राहिला? पूर्वज महाराष्ट्र सोडून इकडे आले त्याला अडीचशे वर्षं झाली, बैलगाडीतून काय काय पडलं असेल कुणास ठाऊक.

मीच माझ्या हाताने ओळ बदलली. दिवा मालवा. हात थांबला नाही, पण आपला वाटला नाही.

योनासला लिहिलं — यादीतून माझं नाव काढा. कुणावर राग नाही. पण त्या शब्दांखाली नीलकंठ, झाशी हे खोटं वाटतं. बरेचसे विद्याधरचे आहेत. त्याचं उत्तर, 'खात्री आहे का? एक आठवडा थांबतो.' थांब बाबा.

लॅपटॉप पुसून कपाटात ठेवला. सरला शेजारच्या खोलीत फोनवर कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होती. मी गेलो तर गप्प. 'कोण?' 'कांचन.' 'काय म्हणते?' 'मी काही नाही बोलली', म्हणाली. विचारलं कुणी होतं!

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत. सरलाने तिळाच्या वड्या मंगळवारीच पाठवल्या होत्या, कांचनला पोचल्या. फोन केला. म्हटलं, तिळगूळ घे, गोड बोल. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन तुटला.

'हाँ पापा. आप भी.'

एवढंच. पण त्या आधीचं ते थांबणं — काय होतं? उगाच अर्थ काढू नये. पुरे झालं.

१८ जानेवारी, बुधवार

सकाळचा तास रिकामा जातो. खाली जातो, असं लिहिणार होतो! जपाच्या दोन माळा जास्त होतात. एवढाच फायदा. उद्या योनासचा आठवडा संपतो, नाव जाईल.

१९ जानेवारी, गुरुवार

नाव गेलं का बघायला लॅपटॉप उघडला. मतदानाच्या पानावर, सगळ्यात तळाशी, एक नवं नाव. एक अक्षरही न सुधारता उतरवून ठेवतो —

'मी झाशीची आहे. चार वर्षापासून हा गेम खेळते. नीलकंठ माझे बाबा आहे. आमच्या घरी दिवा विझवत नाही आणि मालवत पण नाही, वाढवते. माझी आजीनी मला शिकवला होता. हे हिंदी आहे तर असू द्या, आमची मराठी अशीच आहे. तुम्हाला जो शब्द पाहिजे तो ठेवा पण बाबांचा नाव यादीमधून काढू नका. हसायचे तर हसा. मी आली.'